पॅकेजेस.कॉन्फिगमधून पॅकेजरेफरन्सकडे: चालू सॉफ्टवेअर न मोडता जुना डॉटनेट प्रोजेक्ट कसा हलवायचा

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी पट्ट्यात लहान व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे साधारण एकच जातकुळी दिसते. डॉटनेट फ्रेमवर्क ४.५ ते ४.८ वरचं विंडोज फॉर्म्स अॅप्लिकेशन, सोबत दोन-तीन क्लास लायब्ररी, एसक्यूलाइट किंवा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस, आणि बिलांसाठी क्रिस्टल रिपोर्ट्स. आंब्याच्या पेट्यांची बिलं, मासळीच्या लिलावाचा हिशेब, होमस्टेचं बुकिंग, सगळं यावर वर्षानुवर्षं चाललेलं. कधीतरी एखादं नवं पॅकेज (दुसऱ्याने लिहिलेली तयार लायब्ररी) टाकायची गरज पडते, जुना प्रोजेक्ट अडून बसतो, आणि कुणीतरी सांगतं की पॅकेजेस.कॉन्फिग ही पॅकेजांची जुनी यादी काढून टाक, पॅकेजरेफरन्स ही नवी पद्धत वापर.

मग फाइल उडवली जाते आणि नवी यादी हाताने चिकटवली जाते. स्वतःच्या मशीनवर बिल्ड होतो. गिऱ्हाइकाकडे कॉपी केला की ‘बिल छापना नाय’ असा फोन येतो. हे टाळायचं तर कामाचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम फाइलला हात लावायच्या आधीचं आहे.

(फाइलींची नावं आणि कमांड इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ इंग्रजी स्पेलिंग.)

आधी एवढं समजून घ्या

पॅकेजेस.कॉन्फिगमध्ये सगळी यादी सपाट असते. तुम्ही मागवलेलं पॅकेज आणि त्या पॅकेजला लागणारं पॅकेज एकाच रांगेत, प्रत्येकाचा व्हर्जन पक्का लिहिलेला. पॅकेजरेफरन्समध्ये यादी सीएसप्रोज या प्रोजेक्टच्या मुख्य फाइलीच्या आतच येते, आणि तिथे फक्त तुम्ही मागवलेली पॅकेजं लिहायची. बाकीची न्यूगेट (पॅकेजं आणणारं डॉटनेटचं साधन) दर रिस्टोअरला, म्हणजे यादीतली पॅकेजं उतरवून घेताना, स्वतः शोधतो. लग्नपत्रिकेसारखंच हे: जुन्या पद्धतीत घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहायचं, नव्या पद्धतीत ‘सहकुटुंब’ लिहिलं की कोण कोण येणार ते त्या घरचे ठरवतात.

पोटातल्या डिपेंडन्सीचा (पॅकेजला लागणाऱ्या पॅकेजचा) व्हर्जन पूर्वी इन्स्टॉल करतानाच ठरून यादीत गोठायचा. आता तो रिस्टोअरच्या वेळी, त्या प्रोजेक्टच्या आणि त्याने जोडलेल्या प्रोजेक्टांच्या मागण्या मिळून, नियमाने ठरतो. म्हणजे फाइलचा ढंग बदलला की व्हर्जन कोण ठरवतं तेही बदलतं. पुढच्या बहुतेक चुका ही गोष्ट लक्षात न घेतल्यानेच होतात.

तिसरा फरक जागेचा. पूर्वी पॅकेजं सोल्यूशनशेजारच्या ‘पॅकेजेस’ फोल्डरमध्ये उतरायची आणि सीएसप्रोजमध्ये प्रत्येक डीएलएलचा (लायब्ररीच्या तयार फाइलीचा) हिंटपाथ, म्हणजे ती कुठे आहे तो पत्ता, असायचा. आता ती युजर प्रोफाइलमधल्या ‘.न्यूगेट\पॅकेजेस’ या सामायिक फोल्डरमध्ये उतरतात आणि हिंटपाथ जातात. कुठली डीएलएल कुठून घ्यायची, ते ‘ऑब्ज’ फोल्डरमधल्या प्रोजेक्ट.अॅसेट्स.जेसन या फाइलीत लिहिलं जातं.

## १. वेळ निवडा आणि पॅकेजांचा साठा करा

हंगामात हे काम काढू नका. फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत आंबा व्यापाऱ्याचं बिलिंग एक तासही बंद ठेवता येत नाही. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे मासळीवाल्यांचं सॉफ्टवेअरही तेव्हाच निवांत असतं. जून-जुलैमध्ये हलवा, गणपतीच्या आधी गिऱ्हाइकाकडे स्थिर करा. एकदा चाकरमानी यायला लागले की होमस्टेवाल्यांचे फोन थांबत नाहीत.

अडचण अशी, की याच दिवसांत वीज आणि इंटरनेट दोन्हींचा भरवसा नसतो. झाड पडलं, फायबर तुटली, की दोन दिवस गेले. आणि न्यूगेटचा पहिला रिस्टोअर नेटशिवाय होत नाही. म्हणून साठा आधी.

नेट चांगलं असताना जुन्याच स्थितीत पूर्ण रिस्टोअर करा. ‘पॅकेजेस’ फोल्डरमध्ये प्रत्येक पॅकेजच्या फोल्डरात त्याची ‘.एनयूपीकेजी’ फाइल असते. त्या सगळ्या एका साध्या फोल्डरमध्ये गोळा करा, समजा ‘डी:\न्यूगेट-साठा’. मग सोल्यूशनच्या मुळाशी न्यूगेट.कॉन्फिग फाइल ठेवून त्यात हा फोल्डर पॅकेज सोर्स (पॅकेजं मिळण्याची जागा) म्हणून जोडा. साधा फोल्डरही न्यूगेटला सोर्स म्हणून चालतो, वेगळा सर्व्हर लागत नाही.

नेट पूर्ण बंद असताना न्यूगेट.ऑर्ग हा नेटवरचा सार्वजनिक सोर्स चालू राहिला, तर एनयू१३०१ ही एरर येऊन रिस्टोअर थांबू शकतो. त्या वेळी एमएसबिल्डला (बिल्ड करणाऱ्या साधनाला) ‘-टी:रिस्टोअर’ सोबत ‘-पी:रिस्टोअरसोर्सेस=डी:\न्यूगेट-साठा’ द्या. तेवढ्या वेळापुरते बाकीचे सोर्स बाजूला राहतात. नव्या टूलिंगमध्ये एनयू१९०० ही वॉर्निंगही दिसेल. सुरक्षेची माहिती नेटवरून आणता आली नाही, एवढाच तिचा अर्थ. पण प्रोजेक्टमध्ये ‘वॉर्निंग म्हणजे एरर’ चालू असेल तर तीच बिल्ड पाडते.

इशारा: हा साठा अपुरा आहे. पॅकेजरेफरन्सचे नियम वेगळे असल्याने पोटातल्या डिपेंडन्सीचे वेगळे व्हर्जन मागितले जाऊ शकतात, आणि ते जुन्या फोल्डरमध्ये नसतील. पाचवा टप्पा झाला की सामायिक फोल्डरमधून ‘.एनयूपीकेजी’ फाइली पुन्हा गोळा करा. हे पावसाच्या उघडिपीत, नेट असतानाच उरका.

न्यूगेट.ऑर्गवरचं पॅकेज लेखकाला यादीतून लपवता येतं, पण सहसा कायमचं पुसता येत नाही. त्यामुळे सार्वजनिक पॅकेजांचा साठा गेला तरी पुन्हा मिळेल. विकत घेतलेल्या कंट्रोल्सची आणि घरच्या लायब्ररींची पॅकेजं मात्र एका जागी ठेवू नका, तळमजल्यावरच्या मशीनवर तर नाहीच. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी किती चढलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल.

## २. काय हलवायचं नाही ते ठरवा

डॉटनेट फ्रेमवर्कवरचा एएसपी.नेट वेब प्रोजेक्ट हलवू नका. व्हिज्युअल स्टुडिओचं हलवण्याचं साधन त्याला आणि सी प्लस प्लस प्रोजेक्टला चालत नाही. वेब.कॉन्फिगमध्ये बदल करणारी, प्रोजेक्टात स्क्रिप्ट आणि स्टाइल फाइली टाकणारी पॅकेजं जुन्या पद्धतीवरच उभी असतात. एकाच सोल्यूशनमध्ये वेब प्रोजेक्ट जुन्या ढंगात आणि डेस्कटॉप प्रोजेक्ट नव्या ढंगात राहिला तरी चालतं.

आता ‘पॅकेजेस’ फोल्डरमध्ये दोन गोष्टी शोधा: ‘इन्स्टॉल.पीएस१’ ही फाइल आणि ‘कंटेंट’ नावाचा फोल्डर. पॅकेजरेफरन्समध्ये इन्स्टॉल स्क्रिप्ट चालत नाही आणि ‘कंटेंट’ फोल्डरमधल्या फाइली प्रोजेक्टात येत नाहीत. आधी आलेल्या फाइली हलवल्यावर प्रोजेक्टात राहिल्या का ते तपासा. राहिल्या तरी पुढे व्हर्जन वाढवलात तर त्या बदलणार नाहीत. अशा पॅकेजांची नावं कागदावर उतरवा, नंतर कामी येतात.

क्रिस्टल रिपोर्ट्स मशीनवर इन्स्टॉलरने बसवलेलं असेल तर त्याचे संदर्भ न्यूगेटचे नाहीतच. त्यांना हात लावायचा नाही. ‘लिब’ नावाच्या फोल्डरात स्वतः ठेवलेल्या डीएलएलचंही तेच. बारकोड प्रिंटरवाल्याने ईमेलने पाठवलेली डीएलएल बहुतेकांकडे असतेच!

## ३. आजची स्थिती नोंदवून ठेवा

१. सगळे बदल गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) कमिट करा आणि टॅग लावा. कामासाठी वेगळी ब्रँच काढा.

२. ‘बिन’, ‘ऑब्ज’ आणि ‘पॅकेजेस’ तिन्ही फोल्डर उडवा, रिस्टोअर करून रिलीज बिल्ड काढा.

३. ईएक्सईच्या ‘बिन\रिलीज’ मधल्या सगळ्या फाइलींची नावं, फाइल व्हर्जन आणि आकार एका सीएसव्हीत घ्या. उपफोल्डरही धरा. पॉवरशेलमध्ये दोन ओळींचं काम आहे.

४. तो ‘बिन\रिलीज’ फोल्डर जसाच्या तसा झिप करून ठेवा.

तपासा: दुसऱ्या पायरीतच बिल्ड पडला, तर पुढे जाऊ नका. कुणाच्या तरी मशीनवरच्या जुन्या फोल्डरच्या आधाराने प्रोजेक्ट चालला होता असा त्याचा अर्थ. आधी जुन्या ढंगातच तो दुरुस्त करा. दोन बिघाड एकत्र शोधायला लागलात तर आठवडा जाईल.

चौथ्या पायरीतली झिप गिऱ्हाइकाकडे परत फिरायची वेळ आली तर लागते. टाळू नका.

## ४. मागवलेली कोण, सोबत आलेली कोण

हा टप्पा लोक सर्वांत जास्त टाळतात, आणि सगळं शहाणपण इथेच आहे.

पॅकेजेस.कॉन्फिग उघडा. समजा तीस ओळी आहेत. त्यातली तुम्ही खरोखर मागवलेली सहा-सात निघतील: एन्टिटीफ्रेमवर्क, एसक्यूलाइट, न्यूटनसॉफ्ट.जेसन, एक्सेलसाठी क्लोज्डएक्सएमएल, एखादी लॉगिंगची लायब्ररी. बाकीची त्यांच्याबरोबर आली. ‘सिस्टिम.’ ने सुरू होणारी दहा-पंधरा लहान पॅकेजं असतील तर ती बहुधा पाहुणीच.

प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा.

पहिली खूण: माझ्या कोडमध्ये या पॅकेजचे वर्ग थेट वापरले आहेत. ‘यूजिंग’च्या ओळी शोधल्या की कळतं.

दुसरी: कोडमध्ये नाव नाही, पण चालताना लागतं. डेटाबेस प्रोव्हायडर अनेकदा असे असतात. कोडमध्ये कुठेच दिसत नाहीत, अॅप.कॉन्फिगमध्ये मात्र त्यांचं नाव असतं.

तिसरी: यातलं काहीच नाही, दुसऱ्याच्या सोबत आलेलं.

पहिल्या दोन खुणांची पॅकेजं नव्या यादीत वरच्या पातळीवर राहणार, तिसरी काढायची.

इशारा: ‘राहू देत सगळीच, बिघडतंय काय’ म्हणून तीसही ओळी वर ठेवू नका. थेट लिहिलेला व्हर्जन पोटातल्या मागणीपेक्षा वरचढ ठरतो. उद्या एखादं मोठं पॅकेज वाढवलंत, की त्याला लागणारी लहान पॅकेजं तुमच्या जुन्या आकड्यांवर अडकून बसतील, आणि मग एकेक ओळ सोडवत बसावं लागेल. उलट सगळी काढून टाकणंही चूकच. न्यूटनसॉफ्ट.जेसन तुमच्या कोडमध्ये असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी पोटातून आपोआप येतं म्हणून सोडू नका. त्या दुसऱ्याने पुढच्या व्हर्जनमध्ये ते वापरणं थांबवलं की तुमचा बिल्ड पडेल.

## ५. प्रत्यक्ष हलवणं

क्रम: ईएक्सई प्रोजेक्ट आधी, लायब्ररी नंतर. बहुतेकांना उलटं सुचतं. पण लायब्ररी नव्या ढंगात आणि ईएक्सई जुन्या ढंगात असं झालं, तर लायब्ररीच्या पोटातली पॅकेजं ईएक्सईच्या यादीपर्यंत पोचत नाहीत, कारण सपाट यादी वाचणारा प्रोजेक्ट स्वतःच्या फाइलीपलीकडे बघत नाही. बिल्ड होतो, डीएलएल मात्र ‘बिन’मध्ये कमी पडतात. ईएक्सईला स्वतःचं एकही पॅकेज नसेल, तर त्याच्या सीएसप्रोजमध्ये ‘रिस्टोअरप्रोजेक्टस्टाइल’ ही प्रॉपर्टी ‘पॅकेजरेफरन्स’ अशी लिहा. नाहीतर न्यूगेटला तो नव्या ढंगाचा आहे हे कळत नाही.

१. सोल्यूशन एक्स्प्लोररमध्ये पॅकेजेस.कॉन्फिगवर राइट क्लिक करा आणि ‘मायग्रेट पॅकेजेस.कॉन्फिग टू पॅकेजरेफरन्स’ निवडा. व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ च्या १५.७ पासून हा पर्याय आहे. दिसत नसेल तर न्यूगेटची खिडकी एकदा उघडा, तो जागा झाला की पर्याय येतो.

२. समोर दोन गट येतील, वरच्या पातळीची आणि पोटातली पॅकेजं. साधन इथे एवढंच बघतं की हे पॅकेज यादीतल्या दुसऱ्या कुणाला लागतं का. लागत असेल तर ते पोटात ढकलतं. तुमच्या कोडचा त्याला पत्ता नसतो. चौथ्या टप्प्यातली यादी इथे शेजारी ठेवा आणि पहिल्या-दुसऱ्या खुणेची पॅकेजं टिक करून वर आणा.

३. त्याच खिडकीत सुसंगततेच्या अडचणी दाखवल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात उतरवलेली नावं इथे भेटतील. वाचल्याशिवाय ओके करू नका.

४. काम झालं की एक अहवाल उघडतो आणि सोल्यूशनपाशी ‘मायग्रेशनबॅकअप’ फोल्डर तयार होतो. तो काही दिवस ठेवा, गिटमध्ये टाकू नका.

५. आता सीएसप्रोज नोटपॅडमध्ये उघडा. ओळी अशा दिसायला हव्यात: <पॅकेजरेफरन्स इन्क्लूड="न्यूटनसॉफ्ट.जेसन"> आणि आत <व्हर्जन>१३.०.३</व्हर्जन>.

तपासा: त्याच फाइलीत ‘..\पॅकेजेस\’ हा मजकूर शोधा. एकही सापडता कामा नये. ‘एन्शुअरन्यूगेटपॅकेजबिल्डइम्पोर्ट्स’ नावाचं टार्गेटही (बिल्डच्या वेळी चालणारं ठरावीक काम) राहता कामा नये. ज्यांनी हाताने बदल केलेला असतो त्यांच्याकडे नेमकं हेच मागे उरतं. जुना हिंटपाथ आणि नवा पॅकेजरेफरन्स दोन्ही असले तर तुमच्या मशीनवर जुन्या फोल्डरमधली डीएलएल उचलली जाते, आणि सहकाऱ्याच्या मशीनवर ते फोल्डरच नसतं. म्हणून ‘पॅकेजेस’, ‘बिन’ आणि ‘ऑब्ज’ आत्ताच उडवून टाका.

एक गैरसमज इथेच दूर व्हावा. व्हर्जनमध्ये १३.०.३ लिहिलं म्हणजे ‘१३.०.३ किंवा त्यापुढचा’. नेमका तोच हवा असेल तर चौकोनी कंसात, [१३.०.३], असं लिहावं लागतं. पण कंसांची सवय लावून घेऊ नका. त्यासाठी सातव्या टप्प्यातली लॉक फाइल जास्त बरी.

## ६. रिस्टोअर करा आणि वॉर्निंग वाचा

यादी नवी झाली तरी आपली सीएसप्रोज जुन्या लांबलचक ढंगाचीच आहे. तिच्यासाठी डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमधून ‘एमएसबिल्ड -टी:रिस्टोअर’ वापरा. वेब प्रोजेक्ट मागे ठेवला असेल तर ‘न्यूगेट रिस्टोअर’ दोन्ही ढंग सांभाळतो. ‘डॉटनेट रिस्टोअर’ पॅकेजेस.कॉन्फिगकडे बघतच नाही. एररही देत नाही, गुपचूप सोडून देतो, म्हणून घोळ होतो.

न्यूगेट व्हर्जन कसा निवडतो? दोन पॅकेजांनी तिसऱ्याचे वेगवेगळे किमान व्हर्जन मागितले, समजा एकाने १२.०.१ आणि दुसऱ्याने १३.०.१, तर दोघांना चालेल असा सर्वांत खालचा, म्हणजे १३.०.१ घेतला जातो. सर्वांत नवा नाही. पण तुम्ही स्वतः यादीत १२.०.३ लिहिलं असेल तर तुमचं नाव मुळाच्या जवळ असल्याने तेच जिंकतं, आणि १३.०.१ मागणाऱ्याची गरज भागत नाही. तेव्हा एनयू१६०५ येते.

एनयू१६०५, म्हणजे व्हर्जन खाली ओढला गेला. एसडीके ढंगाच्या प्रोजेक्टमध्ये (सीएसप्रोजचा नवा ढंग, दहावा टप्पा बघा) ही थेट एरर असते, पण जुन्या सीएसप्रोजमध्ये नुसती पिवळी वॉर्निंग. आपली सीएसप्रोज जुनीच आहे, त्यामुळे ती नजरेतून सुटते आणि चालताना ‘मेथड सापडली नाही’ अशी तक्रार घेऊन परत येते. उपाय साधा: वरच्या यादीतला आकडा मागणीइतका वाढवा, किंवा ते पॅकेज तिसऱ्या खुणेचं असेल तर ओळच काढा.

एनयू१६०८ म्हणजे एखाद्या पॅकेजने वरची मर्यादाही घातली आहे आणि निवडलेला व्हर्जन तिच्या बाहेर जातो. इथे आकडा वाढवून भागत नाही. मर्यादा घालणारं पॅकेजच पुढे न्यावं लागतं किंवा दुसरं मागे ठेवावं लागतं. एनयू११०७ म्हणजे एकमत होणारा व्हर्जनच सापडला नाही. तेव्हा हवा तो व्हर्जन वर थेट लिहून निर्णय तुम्ही द्यायचा. एनयू१६०३ म्हणजे मागितलेला नेमका व्हर्जन मिळाला नाही म्हणून त्यापुढचा घेतला. फक्त साठ्यातून रिस्टोअर करताना ही दिसली तर साठ्यात काहीतरी कमी आहे.

पोटातल्या पॅकेजांसह सगळी यादी बघायला ‘डॉटनेट लिस्ट पॅकेज --इन्क्लूड-ट्रान्झिटिव्ह’ ही कमांड आहे, पण कुठलं पॅकेज कोणामुळे आलं ते ती सांगत नाही. त्यासाठी नव्या एसडीकेमध्ये (डॉटनेटच्या टूलसंचात) ‘डॉटनेट न्यूगेट व्हाय’ ही कमांड एका पॅकेजची पूर्ण साखळी दाखवते.

इशारा: या टप्प्यावर ‘आलोच आहोत तर सगळी पॅकेजं अपडेटही करून घेऊ’ हा मोह होतो. नको. ढंग बदलणं एक कमिट, व्हर्जन वाढवणं दुसरं. अपवाद फक्त एनयू१६०५ मिटवायला लागेल तेवढा. न्यूटनसॉफ्ट.जेसन १३.०.१ च्या मागे असेल तर त्यात माहीत असलेली सुरक्षेची त्रुटी आहे, तेव्हा ते वाढवायलाच हवं, पण पुढच्या कमिटमध्ये.

## ७. कुलूप लावा

पॅकेजेस.कॉन्फिगचा एक गुण होता: सगळे व्हर्जन गोठलेले. तो परत मिळवायला सीएसप्रोजमध्ये ‘रिस्टोअरपॅकेजेसविथलॉकफाइल’ ही प्रॉपर्टी ‘ट्रू’ करा आणि पुन्हा रिस्टोअर करा. पॅकेजेस.लॉक.जेसन तयार होईल. त्यात पोटातलं प्रत्येक पॅकेज, त्याचा व्हर्जन आणि मजकुराचा हॅश असतो. ही फाइल गिटमध्ये टाकायचीच.

गिऱ्हाइकाला द्यायचा बिल्ड काढताना ‘रिस्टोअरलॉक्डमोड’ ट्रू ठेवा. मग यादी आणि कुलूप जुळलं नाही तर एनयू१००४ येऊन काम थांबतं, परस्पर वेगळा व्हर्जन आत शिरत नाही.

तीन प्रोजेक्टांत तीच पॅकेजं असतील तर डिरेक्टरी.पॅकेजेस.प्रॉप्स या एका फाइलीत सगळे व्हर्जन ठेवण्याची सोय न्यूगेट ६.२ पासून आहे. ती फक्त पॅकेजरेफरन्सवर चालते. दोन-तीन प्रोजेक्टांच्या सोल्यूशनला मला तिची गरज वाटत नाही. दहाच्या पुढे गेलात तर बघा.

## ८. जुन्या बिल्डशी ताडून बघा

रिलीज बिल्ड काढा आणि तिसऱ्या टप्प्यातल्या सीएसव्हीशी ओळ न ओळ ताडा. वाढलेल्या डीएलएलपेक्षा नाहीशा झालेल्या डीएलएलकडे जास्त लक्ष द्या. दोन बिघाड हमखास भेटतात.

पहिला: एसक्यूलाइट.इंटरॉप.डीएलएल गायब. ही नेटिव्ह (डॉटनेटच्या बाहेरची) फाइल पॅकेजमधलं बिल्ड टार्गेट ‘एक्स८६’ आणि ‘एक्स६४’ फोल्डरांत कॉपी करतं. पॅकेजरेफरन्समध्ये बिल्ड टार्गेट एका प्रोजेक्टातून दुसऱ्यात आपोआप वाहत नाही. डेटा लायब्ररीत एसक्यूलाइट लिहिलंय, ईएक्सईत नाही, आणि पॅकेजमध्ये टार्गेट पुढच्या प्रोजेक्टांत पोचवणारा ‘बिल्डट्रान्झिटिव्ह’ फोल्डर नाही, असं जुळून आलं की ईएक्सईच्या ‘बिन’मध्ये ही फाइल येत नाही. बिल्ड हिरवागार, आणि पहिल्याच क्वेरीला अॅप्लिकेशन कोसळतं. उपाय: ईएक्सई प्रोजेक्टमध्येही तेच पॅकेज, त्याच व्हर्जनचं, थेट लिहा. नेटिव्ह फाइल आणणाऱ्या सगळ्याच पॅकेजांना हे लागू आहे.

दुसरा: शिळे बाइंडिंग रीडायरेक्ट. जुन्या पद्धतीत न्यूगेट अॅप.कॉन्फिगमध्ये ‘इथपासून इथपर्यंतच्या व्हर्जनला अमुक समजा’ अशा नोंदी लिहायचा. हलवल्यावर व्हर्जन बदलले आणि नोंदी तशाच राहिल्या, की चालताना ‘०एक्स८०१३१०४०’ हा आकडा असलेली एरर येते. अॅप.कॉन्फिगमधल्या पॅकेजांच्या ‘डिपेंडंटअसेंब्ली’ नोंदी काढा, ईएक्सईच्या सीएसप्रोजमध्ये ‘ऑटोजनरेटबाइंडिंगरीडायरेक्ट्स’ ट्रू करा, आणि बिल्ड झाल्यावर ‘बिन’मधली ‘.ईएक्सई.कॉन्फिग’ उघडून नव्या नोंदी आल्या का ते बघा. हाताने मुद्दाम लिहिलेली नोंद असेल तर ती कशासाठी होती ते विचारून मगच काढा.

आता या नोंदी मूळ अॅप.कॉन्फिगमध्ये नसून फक्त ‘.ईएक्सई.कॉन्फिग’मध्ये असतात. पेनड्राइव्हवर फक्त ईएक्सई आणि डीएलएल नेणाऱ्यांनी ही सवय बदलावी. देवगडला पोचल्यावर कॉन्फिग फाइल राहिल्याचं कळणं म्हणजे फेरी फुकट! तिच्यात गिऱ्हाइकाच्या डेटाबेसचं कनेक्शन स्ट्रिंग असेल, तर ते वेगळ्या फाइलीत काढून ठेवा, म्हणजे बिनधास्त वरून कॉपी करता येईल.

तपासा: ज्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ नाही आणि ‘.न्यूगेट’ फोल्डर नाही, अशा मशीनवर चालवा. नुसतं उघडून बंद करू नका. बिल छापा, एक्सेलला निर्यात करा, बॅकअप घ्या, मागच्या वर्षीचा रिपोर्ट काढा. पॅकेज त्या क्षणी लोड होतं, आधी नाही.

## ९. एका गिऱ्हाइकाकडे, मग बाकीच्यांकडे

सर्वांत जवळचा आणि सर्वांत कमी चिडणारा गिऱ्हाईक निवडा. त्याच्याकडे जुना फोल्डर नाव बदलून ठेवा आणि नवा शेजारी नवीन फोल्डरमध्ये उतरवा. जुन्यावरून कॉपी करू नका. तसं केलं की नव्या बिल्डमधून गायब झालेली डीएलएल जुनीच मिळून जाते, सगळं ठीक वाटतं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे कोऱ्या मशीनवर तेच अॅप पडतं. डेटाबेस फाइल अॅप्लिकेशनच्या फोल्डरातच असेल तर तिचा मार्ग आधी तपासा.

## १०. एसडीके ढंग आत्ता नको

पॅकेजरेफरन्स वापरायला सीएसप्रोज एसडीके ढंगाची असावी लागत नाही. जुन्या लांबलचक सीएसप्रोजमध्येही तो चालतो. दोन्ही बदल एकदम करणाऱ्यांची गाडी इथेच रुतते. एसडीके ढंग फोल्डरमधली प्रत्येक सीएस फाइल आपोआप बिल्डमध्ये घेतो. कधीकाळी प्रोजेक्टातून काढलेली पण डिस्कवर राहिलेली ‘बिलफॉर्म_जुना.सीएस’ अचानक जिवंत होते. असेंब्लीइन्फोच्या नोंदी दोनदा तयार होऊन सीएस०५७९ येते, ती ‘जनरेटअसेंब्लीइन्फो’ फॉल्स करून थांबवता येते. हा बदल करायचाच असेल तर पॅकेजरेफरन्सवर एक पूर्ण हंगाम काढा, मग वेगळ्या ब्रँचवर करा.

## ११. परत फिरायचं झालं तर

गिटमधल्या टॅगवर जा. ‘मायग्रेशनबॅकअप’मधून फाइली उचलून आणण्यापेक्षा हे स्वच्छ. पण गिट ‘ऑब्ज’ फोल्डरला हात लावत नाही, आणि त्यात नव्या ढंगाची प्रोजेक्ट.अॅसेट्स.जेसन आणि ‘.न्यूगेट.जी.टार्गेट्स’ फाइली पडून असतात. त्या तशाच राहिल्या तर जुना प्रोजेक्ट त्यांना धरून विचित्र एरर देतो. प्रत्येक प्रोजेक्टचे ‘ऑब्ज’ आणि ‘बिन’ उडवा, व्हिज्युअल स्टुडिओ बंद करून पुन्हा उघडा, मग ‘न्यूगेट रिस्टोअर’ चालवा. रिस्टोअर चालू असताना वीज गेली असेल तेव्हाही हेच: आधी ‘ऑब्ज’ उडवा, मग पुन्हा रिस्टोअर.